वाडीतली विहीर, डासांचं औषध आणि गप्पी मासे

आमच्या गिरगावातल्या वाडीत मागच्या अंगाला जुनी विहीर आहे. परवा सकाळी जाळीचं झाकण उचललं तर गप्पी मासे पांढरी पोटं वर करून तरंगताना दिसले. आदल्या संध्याकाळी एका खाजगी फवारणीवाल्याने डासांचं औषध ओतलं होतं. बोलावलं आम्हीच, कारण वाडीत दोघांना मलेरिया झालाय.

मुंबईत विहीर आणि मलेरियाचं भांडण जुनं आहे. १९११ साली डॉ. बेंटली यांच्या अहवालात आलं की इथला मलेरिया पसरवणारा ॲनोफिलिस स्टेफेन्सी हा डास गटारात नाही, विहिरी-टाक्यांच्या स्वच्छ पाण्यात वाढतो. उपाय काय, तर विहिरी बुजवा नाहीतर घट्ट झाका. लोक चिडले. पारशांना विधींसाठी विहिरीचं पाणी लागतं, आपल्याकडेही विहीर पुजतात. त्यामुळे बऱ्याच विहिरी झाकणं लावून टिकल्या. चर्चगेटची १७२५ ची भिका बेहराम विहीर आजही आहे.

अशा विहिरींसाठी दोन उपाय चालत आले, मासे आणि औषध. गप्पी काही इथला नाही, दक्षिण अमेरिकेतून आलेला पाहुणा. पण डासांच्या अळ्या आवडीने खातो आणि महापालिकाही त्याला पाण्यात सोडते.

आता औषधाचं. सगळी औषधं सारखी नसतात, हे आपण विचारतच नाही. बीटीआय हे जिवाणूंपासूनचं औषध अळ्यांना मारतं, माशांना सहसा काही होत नाही. धूरफवारणीतली डेल्टामेथ्रिनसारखी औषधं मात्र माशांना लिटरमागे एक-दोन मायक्रोग्रॅमलाही मारू शकतात. टेमिफॉस मधलं आहे. पिण्याच्या पाण्यात लिटरला १ मिलिग्रॅमच्या वर टाकायचं नसतं, आणि तेवढ्यात गप्पी बहुधा तगतो.

पण मोजतो कोण? तीन मीटर रुंद गोल विहीर, पाणी चार मीटर, म्हणजे साधारण २८ हजार लिटर. म्हणजे शुद्ध औषध २८ ग्रॅम, बस. मे महिन्यात पाणी निम्मं झालं की तेच माप दुप्पट पडतं. आमच्याकडे तर बाटलीवरचं लेबलही कुणी वाचलं नव्हतं! आणि मासे मेले की औषधाचा जोर ओसरल्यावर अळ्या खायला कुणीच नाही, मग पुन्हा फवारणीवाल्याला फोन.

येत्या रविवारी दोरीला दगड बांधून विहिरीची खोली मोजतोय. वाडीतल्यांनी दहाला या, आणि ती औषधाची बाटली कुणाकडे असेल तर घेऊन या.