संक्षुब्ध प्रवाह

संक्षुब्ध प्रवाह म्हणजे द्रवाचा किंवा वायूचा असा प्रवाह, की ज्यात कोणत्याही एका बिंदूवरील वेग व दाब क्षणोक्षणी अनियमितपणे बदलत राहतात आणि लहानमोठे भोवरे एकमेकांत मिसळून प्रवाहातील पदार्थ, उष्णता व संवेग ढवळून टाकतात. याउलट ज्यात द्रायूचे थर एकमेकांवरून शांतपणे सरकतात, त्यास स्तरीय प्रवाह म्हणतात. (द्रव आणि वायू या दोहोंसाठी मिळून 'द्रायू' ही संज्ञा वापरली जाते.) 'संक्षुब्ध' याऐवजी 'प्रक्षुब्ध' हा शब्दही आढळतो. बोलीतला 'खळखळाट' अर्थाच्या जवळ जातो; पण तो आवाजाचा शब्द आहे, आणि संक्षोभ निःशब्दही असू शकतो. निवाऱ्याच्या जागी लावलेल्या उदबत्तीचा धूर वीतभर सरळ चढतो आणि मग अचानक वेटोळी घेत विस्कटतो, तेथे स्तरीय प्रवाह संपून संक्षुब्ध प्रवाह सुरू झालेला असतो.

स्वरूप

ऑस्बर्न रेनल्ड्स यांनी १८८३ मध्ये मँचेस्टर येथे काचेच्या नळीतील पाण्यात रंगाची बारीक धार सोडून हे स्थित्यंतर दाखविले. वेग कमी असता धार अखंड राही. वेग वाढताच ती तुटून सर्व पाण्यात पसरे. वेग आणि नळीचा व्यास यांच्या गुणाकारास द्रायूच्या शुद्धगतिक श्यानतेने भागले असता येणाऱ्या संख्येस रेनल्ड्स अंक म्हणतात. नळीत हा अंक सुमारे २,००० च्या खाली असता प्रवाह सहसा स्तरीय राहतो. घरातील १५ मिलिमीटर व्यासाच्या नळातून सेकंदाला अर्धा मीटर वेगाने पाणी येत असेल, तर अंक सुमारे ७,५०० भरतो. म्हणजे रोजच्या नळाचे पाणीदेखील बहुधा संक्षुब्धच असते. ओतल्या जाणाऱ्या काकवीची गोष्ट वेगळी. तिच्या श्यानतेमुळे संक्षोभ उठूच शकत नाही.

मोठे भोवरे मुख्य प्रवाहापासून ऊर्जा घेतात, फुटून लहान भोवऱ्यांना देतात, ते आणखी लहानांना; अखेरीस अतिसूक्ष्म भोवऱ्यांत श्यानता तिचे उष्णतेत रूपांतर करते. ही कल्पना लुईस रिचर्डसन यांनी १९२२ मध्ये मांडली आणि आंद्रेई कोल्मोगोरोव्ह यांनी १९४१ मध्ये तिला गणिती रूप दिले. भोवऱ्याच्या आकारानुसार ऊर्जा कशी वाटली जाते याविषयीचा त्यांचा नियम पुढे नद्या, समुद्र व वातावरण यांतील मोजमापांत बऱ्याच अंशी खरा ठरला.

संक्षोभ हा दोष आहे, अशी विद्यार्थ्यांची समजूत होते ती बरोबर नाही. कन्नड तालुक्यातून वाहत जाऊन गोदावरीस मिळणारी शिवना पुरात गढूळ दिसते, ती माती तरंगत राहते संक्षोभामुळेच. तेच पाणी जलाशयाच्या संथ फुगवट्यात शिरले, की गाळ खाली बसू लागतो आणि धरणाची साठवण क्षमता घटते. पैठणच्या जायकवाडी धरणाची (१९७६) मूळ क्षमता सुमारे २,९०९ दशलक्ष घनमीटर. मराठवाड्यासारख्या अवर्षणप्रवण प्रदेशात गाळाचा हिशेब हा पाण्याचाच हिशेब असतो.

समीकरणे व अडचण

द्रायूच्या गतीची समीकरणे क्लोद-लुई नाव्हिए (१८२२) आणि जॉर्ज स्टोक्स (१८४५) यांच्या नावांनी ओळखली जातात. त्यांत वेग स्वतःलाच वाहून नेतो, म्हणून ती अरेखीय आहेत. सुरुवातीच्या स्थितीतील नगण्य फरक थोड्याच वेळात मोठा होतो. त्रिमितीत त्यांची उत्तरे सदैव सुरळीत राहतात का, हे आजही सिद्ध झालेले नाही. क्ले गणित संस्थेने २००० मध्ये या प्रश्नासाठी दहा लाख डॉलरचे पारितोषिक जाहीर केले आहे.

सदृशीकरण

संगणकावर ही समीकरणे जशीच्या तशी सोडवायची, तर सर्वांत लहान भोवराही जाळीच्या घरांत पकडावा लागतो. वातावरणात तो साधारण एक मिलिमीटरचा. एका घन किलोमीटर हवेसाठी अशी घरे एकावर अठरा शून्ये इतकी होतील. रेनल्ड्स अंक दहापट झाला, की गणनेचे काम सुमारे हजारपट वाढते. या पद्धतीचा पहिला प्रयत्न स्टीव्हन ऑर्झॅग व जी. एस. पॅटरसन यांनी १९७२ मध्ये केला, तेव्हा जाळीच्या प्रत्येक बाजूस अवघे ३२ बिंदू होते. २००२ च्या सुमारास जपानमध्ये ही संख्या ४,०९६ वर गेली. तरीही ही पद्धत संशोधनापुरतीच उरली आहे.

व्यवहारात रेनल्ड्स यांचीच १८९५ ची युक्ती चालते: वेगाची सरासरी व तिच्याभोवतीची चढउतार असे दोन भाग करून केवळ सरासरीची समीकरणे सोडवायची. परंतु सरासरी काढताना नवी अज्ञात पदे उपजतात आणि समीकरणे अपुरी पडतात. ती भरून काढण्यासाठी संक्षोभाची जणू एक वाढीव श्यानता मानली जाते. ही कल्पना जोझेफ बुसिनेस्क यांची, १८७७ ची. हे अंदाजच होत, आणि एका प्रवाहासाठी जुळविलेले स्थिरांक दुसऱ्यास लागू पडतीलच असे नाही. मधला मार्ग जोसेफ स्मागोरिन्स्की यांनी १९६३ मध्ये हवामानाच्या प्रतिमानांसाठी सुचविला: मोठे भोवरे प्रत्यक्ष सोडवायचे, लहानांचा केवळ परिणाम धरायचा.

सरासरी पुरेशी का नसते, हे धरणाच्या सांडव्यावर कळते. सांडव्यावरून कोसळणाऱ्या पाण्याची ऊर्जा खाली मुद्दाम संक्षोभ घडवून जिरविली जाते, नाहीतर ते पायाखालचा खडक उकरून काढील. मात्र त्याच संक्षोभामुळे तळाच्या काँक्रीट फरशीवरील दाब सतत वरखाली होतो. सरासरी दाब सुरक्षित दिसत असतानाही एखाद्या क्षणीचा फरक फरशी उचलून टाकू शकतो. म्हणून गणनेबरोबर छोट्या प्रतिकृतींवरील प्रयोग आजही चालतात. पुण्याजवळ खडकवासला येथील केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्र (मूळ स्थापना १९१६) सांडवे, नद्या व बंदरे यांच्या अशा प्रतिकृतींसाठी प्रसिद्ध आहे. त्यांतही मर्यादा आहेच. पन्नासपट लहान प्रतिकृतीत गुरुत्वाचे प्रमाण राखले, तर रेनल्ड्स अंक मूळच्या सुमारे ३५० व्या हिश्श्यावर येतो, आणि पाण्यात मिसळणारी हवा मूळाप्रमाणे दिसत नाही.

पुण्यातच भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेत २०१८ मध्ये 'प्रत्यूष' हा महासंगणक कार्यान्वित झाला. त्याआधी १९९१ मध्ये सी-डॅकने विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली 'परम ८०००' तयार केला होता. हवामानाच्या प्रतिमानांत जाळीचे घर काही किलोमीटरांचे असते. जमिनीलगतच्या हवेतील संक्षोभ आणि ढगातील थेंबांची टक्कर त्या घरात मावत नाही. ती सूत्रांनी कल्पावी लागते. विशिष्ट गावात उद्या पाऊस पडेल की नाही, हे नेमके सांगणे कठीण जाते त्यामागे हे एक कारण आहे.