राघूची वाटी : नागपुरी पिंजऱ्यातील आहाराचा इतिहास

पोपट पाळण्याचा रिवाज भारतात इतका जुना आहे की कामसूत्रातील चौसष्ट कलांमध्ये शुक-सारिकांना बोलावयास शिकविण्याची कलाही मोजलेली आहे. नागपूर व आसपासच्या विदर्भात ‘राघू’ आणि ‘मिठ्ठू’ ही नावे घरोघरी रुळली. हाच पक्षी ज्वारी हुरड्यावर आली की थव्याने कणसांवर उतरतो आणि राखणदाराला माळ्यावर उभे राहून गोफण फिरवावी लागते. रानातील राघूने खाल्लेले उडण्यात खर्ची पडते; पिंजऱ्यातील दांडीवर बसलेल्याच्या अंगी ते साठते.

जुन्या घरांत त्याच्या वाटीत भिजवलेली हरभऱ्याची डाळ, हिरवी मिरची आणि पेरूची फोड असे. सूर्यफूल हे तेलबियांचे पीक म्हणून भारतात रुजले ते १९६९ पासून, सोव्हिएत वाणांमुळे. पुढे त्याच्या बिया पक्षिखाद्य म्हणूनही विकल्या जाऊ लागल्या. सोललेल्या बीच्या वजनात सुमारे निम्मे तेल असते, आणि शेंगदाण्याचेही जवळजवळ तसेच. मिश्र खाद्यातून पोपट तेलकट दाणा आधी वेचतो व टरफल तेथेच टाकतो; म्हणून संध्याकाळी भरलेली दिसणारी वाटी पुष्कळदा नुसत्या टरफलांची असते.

बियांत कोलेस्टेरॉल, म्हणजे रक्तातून वाहणारा मेणासारखा स्निग्ध पदार्थ, जवळपास नसतेच. ते पक्ष्याचे यकृत तयार करते, आणि अतिस्निग्ध आहार व निश्चल जीवन यांमुळे त्याचे प्रमाण वाढते. १९१३ साली रशियात निकोलाय अनिचकोव यांनी सशांना कोलेस्टेरॉल चारून धमन्यांत चरबीचे थर साचतात हे दाखविले. हाच विकार, धमनीकाठिण्य, पाळीव पोपटांतही आढळतो; मात्र तो बहुधा पक्षी मेल्यावरच उघड होतो, ही त्यातील खरी दुःखाची बाब होय. मादीच्या रक्तातील स्निग्धांश अंडी घालण्याच्या काळात स्वभावतःच वाढतो, म्हणून एका तपासणीवरून निदान करणे योग्य नव्हे.

२००३ साली नेदरलँड्समधील संशोधकांना असे आढळले की ज्या पोपटांच्या स्नायूंत अल्फा-लिनोलेनिक आम्ल अधिक होते, त्यांच्यात हा विकार सौम्य होता. हे ओमेगा-३ गटातील आम्ल जवसात विपुल असते, आणि जवस तर विदर्भाच्या चटणीतलेच. तरी तेही तेलबीच असल्याने पक्ष्याला चिमूटभर पुरे, तेही पशुवैद्यकाला विचारून. आहार बदलताना सूर्यफूल एकदम तोडल्यास अनोळखी अन्नाला तोंड न लावता पोपट उपाशी राहू शकतो. म्हणून काही आठवडे हळूहळू भाजी, फळ व धान्य वाढवीत रोज त्याचे वजन पाहावे लागते. पिंजऱ्याबाहेर हालचाल मिळाल्याखेरीज हा सारा खटाटोप अपुराच राहतो.

देशी राघूपुरता मात्र आता कायद्याने निकाल दिला आहे. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्यातील २०२२ च्या दुरुस्तीने, १ एप्रिल २०२३ पासून, तो अनुसूची दोनमध्ये आहे आणि त्याला घरी ठेवणे गुन्हा ठरतो. नागपुरात ज्यांच्या घरी असा पक्षी असेल त्यांनी त्याला स्वतः उडवून देऊ नये, कारण पिंजऱ्यात वाढलेल्या पक्ष्याला रानात तग धरता येईलच असे नाही. सेमिनरी हिल्स येथील वनविभागाच्या ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटरकडे तो सोपवावा.