गिऱ्हाइकाची निष्ठा आणि तिचें मोल

दुकानदार आणि गिऱ्हाईक यांचा संबंध देवघेवीचा खरा. परंतु जें गिऱ्हाईक वर्षानुवर्षें एकाच दुकानाची पायरी चढतें, त्यास कांहीं अधिक मिळावें, ही अपेक्षा फार जुनी आहे. वाण्यानें पोराच्या हातावर ठेवलेला गुळाचा खडा, मापानंतर टाकलेली वरची मूठ, सणाच्या खरेदीवरील सूट, हीं सर्व तिचींच रूपें होत. हें अधिक मर्जीनें मिळावें कीं हक्कानें, एवढाच प्रश्न आज आपणांसमोर ठेवावयाचा आहे.

पुण्याच्या पश्चिमेस मुळशीचें मावळ आहे. खाचरांतील भात आणि डोंगरउतारावरील नाचणी-वरई यांवर तेथील कुणब्याचा निर्वाह चाले. पीक वर्षांतून एकदां हातीं येई. मीठ, तेल, कापड मात्र बारमाही लागे. मग उधारीवांचून गत्यंतर कोठलें? आपल्या खेड्यांतून पुष्कळदां वाणी तोच सावकार असे, आणि मागली बाकी फिटत नसल्यामुळें गिऱ्हाईक पुनःपुन्हां त्याच्याच दारीं येई. बाहेरून पाहणारास ही निष्ठा वाटावी; वस्तुतः तें बंधन होतें. वही सावकाराची, लेखणी त्याची, आणि बहुधा वाचतां येणाराहि तोच! १८७५ च्या मे महिन्यांत पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें दंगा उसळला, तेव्हां शेतकऱ्यांचा रोख मुख्यतः वह्यांवर व कर्जरोख्यांवर होता. पुढें १८७९ सालीं दक्षिणेतील शेतकऱ्यांकरितां जो कायदा झाला, त्यानें ऋणकोस पावती, वार्षिक हिशेब व पासबुक मागण्याचा अधिकार दिला.

तथापि जमिनी एव्हांना हातांतून निसटूं लागल्या होत्या. टाटा कंपनीच्या धरणाविरुद्ध १९२१ सालीं मुळशीचा सत्याग्रह सुरू झाला. सेनापति बापट यांचें नांव त्यामुळें महाराष्ट्रभर झालें. त्या वेळीं मुळशीच्या पुष्कळ जमिनी पुण्याच्या सावकारांच्या नांवें होत्या, आणि त्यांच्यापैकीं अनेकांनीं मोबदला पत्करला. पिढ्यान्‌पिढ्या तीच जमीन कसणाऱ्या कुळाची निष्ठा मात्र कोणत्याहि कागदावर मांडलेली नव्हती.

याच्या उलट उदाहरण इंग्लंडांतील रॉचडेल गांवचें. तेथील अठ्ठावीस सभासदांनीं, ज्यांत विणकरांचा भरणा होता, २८ पौंडांचें भांडवल जमवून २१ डिसेंबर १८४४ रोजीं टोड लेनमध्यें लहानसें दुकान उघडलें. पीठ, लोणी, साखर, ओटाचें पीठ व मेणबत्त्या एवढाच काय तो माल! नियम असा कीं, माल शुद्ध व वजन पुरें द्यावें, विक्री रोखीनें व बाजारभावानें करावी, भांडवलास ठराविक व्याज द्यावें, आणि उरलेली शिल्लक ज्याची जितकी खरेदी त्या प्रमाणांत सभासदांस परत करावी. ज्यानें दुप्पट माल नेला त्यास परतावा दुप्पट. येथें निष्ठेचें मोल आंकड्यांनीं ठरे, आणि तें देण्यास कोणाच्या प्रसन्नतेची गरज नसे.

आपल्याकडे १९०४ च्या कायद्यानें सहकारी पतपेढ्या निघाल्या. १९१२ च्या कायद्यानें दुकानांसारख्या इतर सहकारी संस्थांनाहि नोंदणीचा मार्ग खुला झाला. १९४८ सालीं मुंबईंत नायगांवच्या कामगार वस्तींत सुरू झालेलें ग्राहक भांडार 'अपना बाजार' या नांवानें घरोघरीं परिचित झालें. तथापि सहकारी दुकानांस चोख हिशेब व दक्ष सभासद दोन्ही लागतात. जेथें हीं नसतात, तेथें परताव्याचा नियम कागदावरच राहतो.

आज हिंजवडीसह मुळशी तालुक्याचा पूर्वभाग कचेऱ्यांनीं व उंच इमारतींनीं गजबजला आहे. मोठ्या दुकानांतून खरेदीवर गुण जमा होतात. पण ते बहुधा दुकानदाराच्याच यंत्रांत राहतात, आणि त्यांची किंमत व मुदत तोच ठरवितो. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदारास एवढें भांडवल कोठून असणार? पण त्याच्यापाशीं एक सोपा उपाय आहे. वर्षाच्या खरेदीवर किती परत मिळेल हें त्यानें आरंभींच लिहून द्यावें, प्रत्येक खरेदीची नोंद गिऱ्हाइकाजवळच्या वहींतहि करावी, आणि दिवाळीस दोन्ही वह्या समोरासमोर ठेवून हिशेब करावा. गुळाचा खडा गोड लागतो खरा. पण आपल्या हातीं वही असलेलें गिऱ्हाईक दुकानीं येतें तें आपखुषीनें, आणि असें गिऱ्हाईक टिकविण्यांतच दुकानदाराचेंहि हित आहे.