पॉम्पेईच्या ‘लक्ष्मी’चे माहेर

इटलीतल्या पॉम्पेईत 1938 साली पुरातत्त्वज्ञ अमेदेओ मैउरी यांना एका घराच्या अवशेषांत हस्तिदंताची, सुमारे 24 सेंटिमीटर उंचीची भारतीय स्त्रीमूर्ती सापडली. इ.स. 79 मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेने ते शहर गाडले, म्हणजे मूर्ती त्याआधीच तिथे पोचलेली होती. तिला ‘लक्ष्मी’ म्हणण्याची रीत पडली खरी, पण तिच्यापाशी ना कमळ आहे ना हत्ती. आहेत त्या प्रसाधनाचे साहित्य घेतलेल्या दोन सेविका. यक्षी म्हणा की शृंगाराला बसलेली सुंदरी, ही देव्हाऱ्यातली मूर्ती नव्हे. तिच्या माथ्यातून खाली भोक पाडलेले आहे. त्यावरून मैउरींनी मूर्ती ही आरशाची मूठ मानली. मला हे पटत नाही. मुठीत धरायच्या वस्तूला दोन्ही अंगांनी सेविका कोरल्या, तर पकडायचे कुठे? भोकात वरच्या फळीची कूस बसवली आणि अशा तीन मूर्ती उभ्या केल्या, की एक देखणी तिवई तयार होते. रोमन धनिकाच्या दालनात ती शोभली असणार.

मग ही घडली कुठे? माझे उत्तर जालना जिल्ह्यातले भोकरदन. केळणा नदीकाठच्या या गावी शां. भा. देव आणि र. शं. गुप्ते यांच्या उत्खननात 1973 साली याच घाटाची, सेविकांसह कोरलेली, हस्तिदंताची भग्न मूर्ती मिळाली. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरलाही तिची बहीण शोभावी अशी एक आहे. भोकरदनचे जुने नाव भोगवर्धन. भारहूत आणि सांचीच्या दानलेखांत या नगरीचे दाते भेटतात, म्हणजे इथे पैसाही होता आणि दूरवरचा राबताही. ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात पैठण आणि तेरहून भडोच बंदराला जाणाऱ्या मालाची वाट नोंदलेली आहे, आणि भडोचहून निघणाऱ्या जिनसांत हस्तिदंतही आहे.

यावर विदिशेचा दावा पुढे येतो. सांचीच्या दक्षिण तोरणावरचे कोरीवकाम विदिशेच्या दंतकारांनी केल्याचे तिथेच लिहिलेले आहे. पण तो पुरावा कारागिरांचा आहे, या घाटाच्या मूर्तीचा नाही. दुसरा आक्षेप अधिक जड आहे. मूर्तीच्या तळाशी एक खरोष्ठी अक्षर आहे, आणि ती लिपी वायव्येकडची. म्हणून काही जण तिला गांधाराकडे ओढतात. परंतु अफगाणिस्तानात बेग्रामला सापडलेल्या हस्तिदंती फर्निचरवरही सुटे भाग जुळवण्यासाठी अशी अक्षरे कोरलेली आहेत. तिथे खरोष्ठी आहे, ब्राह्मीही आहे. जोडाऱ्याची ही खूण जोडणी कुठे झाली ते सांगेल, कोरणाऱ्याचे गाव सांगणार नाही. आणि खरोष्ठी इकडे परकी तरी कुठे होती? भडोच ज्याच्या ताब्यात होते त्या क्षत्रप नहपानाच्या चांदीच्या नाण्यांवर ग्रीक आणि ब्राह्मीसोबत खरोष्ठी आहेच, आणि तीच नाणी नाशिकजवळ जोगळटेंभीला हजारोंनी निघाली.