आधी रस्ता, मग घरं

31 मार्च 1964. रात्रीचे दहा वाजलेत आणि बोरीबंदरला दादरच्या ट्राममध्ये तुम्ही कसेबसे चढलात. बसायला जागा मिळेल ही आशा सोडा. फुटबोर्डावर माणसं लटकलीत आणि गणपतीची मिरवणूक बघायला उभे राहावेत तसे लोक रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभे आहेत. मुंबईची ही शेवटची ट्राम. ड्रायव्हर उभ्यानेच पितळी हँडल फिरवतो, पायाने घंटा बडवतो. शेजारचे धोतरवाले गृहस्थ म्हणतात, "बरं झालं, गेला एकदाचा खटारा. आता मोटारींना वाट मिळेल." वाद घालू नका. लंडनने 1952 सालीच ट्राम मोडीत काढली. पुढारलेल्या शहराने हेच करायचं, असं तेव्हाच्या शहाण्यासुरत्या माणसांनाही वाटत होतं.

तिकीट घ्या. ही गाडी तुम्हाला उत्तरेकडे नेईल, पण सालं मात्र तिच्या मर्जीने बदलतील.

क्रॉफर्ड मार्केटपाशी डोक्यावरची विजेची तार नाहीशी होते. पुढे घोडे जुंपलेत, उन्हासाठी त्यांच्या डोक्यावर टोप्या. साल 1874. 9 मेपासून कुलाबा ते पायधुणी ट्राम सुरू झाली आहे आणि कंपनीच्या तबेल्यांत 900 घोडे आहेत. मजा आहे, पण इथे फार रेंगाळू नका. माणसं जिथे आधीच दाटीवाटीने राहत होती, तिथे ही ट्राम आली. गर्दी पुढे आणि गाडी तिच्या मागे, ही मुंबईची खोड तेव्हापासूनची.

उतरायचं ते बावीस वर्षांनी, मांडवीत. खाली धान्याची गोदामं, वर चाळी. मूळचे गोव्याचे डॉ. अकासियो व्हिएगस सप्टेंबर 1896 मध्ये इथल्या रोग्यांत प्लेग ओळखतात. जिना चढून एका खोलीत शिरा. भर दुपारी चिमणी पेटवलेली आहे. खिडकी उघडून हात बाहेर काढलात तर तो शेजारच्या चाळीच्या भिंतीला लागतो. थोड्या महिन्यांनी त्याच खोलीत परत या, डोक्यावर आभाळ दिसेल. आत ऊन यावं म्हणून सरकारी माणसांनी कौलं उतरवून नेली आहेत. बाहेरच्या भिंतीवर इंग्रजी अक्षरं रंगवली आहेत, यू. एच. एच. घर माणसाने राहण्याच्या लायकीचं नाही, असा त्याचा अर्थ. घरातली माणसं गावी पळाली आहेत. एव्हाना जवळजवळ निम्मं शहर पळालं आहे.

या भीतीतून 1898 साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट जन्माला आला. रोग कोंदट हवेत असतो, अशी साहेबांची समजूत. उंदराच्या पिसवांची भानगड अजून मान्य व्हायची होती. म्हणून ट्रस्टने वस्ती कापत समुद्राचा वारा आत आणणारे रस्ते काढले: प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड. निदान चुकलं, औषध मात्र निम्मंशिम्मं लागू पडलं. निम्मंच, कारण पाडलेल्या खोल्या बांधलेल्यांपेक्षा जास्त होत्या. ज्यांची चाळ गेली ते शेजारच्या चाळीत घुसले आणि तिथली गर्दी आणखी वाढली. त्या काळच्या रुंद रस्त्यांच्या फोटोंत ही माणसं दिसत नाहीत.

ट्रस्टचं दुसरं काम मला जास्त मोलाचं वाटतं. ते बघायला ट्रामने भायखळा, लालबाग, परळ मागे टाकत दादरला चला. साल विसाच्या दशकातलं कुठलंही चालेल. उतरल्यावर पहिल्यांदा गोंधळायला होईल, कारण इथे रस्ते आहेत आणि घरं नाहीत. सरळ, आखीव रस्ते, कडेने गटारं, मैदानांसाठी सोडलेली जागा, आणि मधल्या प्लॉटांवर नुसतं गवत. ट्रस्टमधलेच इंजिनिअर मंचेरजी जोशी यांनी पारशांसाठी 103 प्लॉट राखून घेतले. दोन मजल्यांच्या वर जायचं नाही, ही अट. हळूहळू पारशी कॉलनी, हिंदू कॉलनी, माटुंगा भरत गेलं आणि ट्राम किंग्ज सर्कलपर्यंत धावू लागली. आज दादर-माटुंग्याला फिरताना सावली लागते, फुटपाथ सापडतो, त्याचं श्रेय या क्रमाला आहे. अर्थात इथे राहायला आले ते पगारदार, मांडवीतले हमाल नव्हेत. तेवढं विसरू नये.

दादर टी.टी.ला ट्राम संपली. आता बस पकडा आणि ठाण्याची खाडी ओलांडा. 1973 साली पूल झाला आहे, तुम्ही त्यानंतर पाचेक वर्षांनी वाशीत पोचताय.

नव्या मुंबईची कल्पना 1965 साली 'मार्ग' मासिकात चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी मांडली. मुंबई दक्षिणोत्तर लांबतच चाललीय, तिला पूर्वेला वळवा, सरकारी कचेऱ्या खाडीपलीकडे न्या, माणसं आपोआप येतील. हे शहर वसवायला 1970 साली सिडको हे सरकारी महामंडळ आलं. 95 गावांच्या जमिनी गेल्या, आणि त्यांच्या मोबदल्यासाठी शेतकऱ्यांचे पुढारी दि. बा. पाटील यांच्या मागे उभ्या राहिलेल्या आगरी-कोळ्यांनी 1984 साली जासईला गोळ्या खाल्ल्या. मंत्रालय मात्र जागचं हललं नाही. उलट नरिमन पॉइंटला भर घातलेल्या जमिनीवर टॉवर चढत गेले.

वाशीतल्या तुमच्या सेक्टरमध्ये रस्ते ऐसपैस आहेत. रेल्वेसाठी जागासुद्धा सोडलेली आहे, फक्त रेल्वे नाही. सकाळी सातला बसच्या रांगेत उभं राहायचं, पूल ओलांडून मानखुर्दला लोकल धरायची. संध्याकाळी हेच उलट. शेजारच्या काकू दर रविवारी विचारतात, "अहो, आपली गाडी कधी येणार?" पैसे कोणी भरायचे यावर सिडको आणि रेल्वेचं घोडं अडलंय. शेवटी खर्चाचा 67 टक्के भार सिडकोने उचलला आणि मे 1992 मध्ये लोकल वाशीला आली. शहर वसवायला निघाल्यापासून 22 वर्षांनी! ज्यांना थांबणं परवडत नव्हतं ते तोवर डोंबिवली-विरारला जाऊन राहिले होते.

शेवटचा टप्पा 2024 चा. कल्याण-भिवंडीच्या बाजूला उतरा. ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रोचं भूमिपूजन डिसेंबर 2018 मध्ये झालं. तुम्हाला खांब दिसतील, गाडी दिसणार नाही. टॉवरमध्ये पडदे लागलेत, दुधाच्या पिशव्या दाराला अडकवल्या आहेत. बिल्डरच्या फलकावर 'मेट्रोपासून पाच मिनिटांवर' असं लिहिलंय. रस्त्यावर रिक्षा, टँकर आणि डंपर एकमेकांना हॉर्न देत उभे आहेत. दादरचा क्रम इथे पार उलटा झाला आहे: आधी घरं, मग माणसं, मग खोदकाम.

तेव्हा वर्तमानात परत आलात की एक करा. अशा ठिकाणी फ्लॅट बघत असाल तर सॅम्पल फ्लॅटमधल्या सोफ्यावर बसून नकाशा बघू नका. बुकिंगचा चेक फाडण्याआधी एका सोमवारी सकाळी आठला त्या गेटवरून निघा आणि आज ज्या गाड्या आहेत त्यांनीच ऑफिस गाठून दाखवा.