पैठणीचा पदर आणि प्रकाशाची तबकडी

येवल्याचें नांव निघालें कीं पैठणी आठवते. रघोजी नाइकांनीं सतराव्या शतकांत हें गांव वसविलें व विणकरांस येथें आश्रय दिला, असें परंपरा सांगते. पैठणच्या विणीनें पुढें येथेंच मोठें घर केलें. या विणींत पदरावरील मोर कापड तयार झाल्यावर भरीत नाहींत. उभे धागे मोजून, रंगीबेरंगी आडवे धागे हातानें गुंफतां गुंफतांच आकृति उमटते. कोणता धागा उचलावा आणि कोणता सोडावा, हा सारा हिशोब विणकराच्या स्मृतींत असतो.

हाच हिशोब फ्रान्समध्यें जकार्ड यानें १८०४ च्या सुमारास पुठ्ठ्यावर उतरविला. भोंक आढळलें कीं धागा वर, नाहीं तर खालीं. असे जकार्ड पुढें येवल्याच्या मागांवरही आले. १८९० सालच्या अमेरिकेच्या शिरगणतींत भोंकांचीं पत्रें माणसें मोजूं लागलीं. आणि १९८२ सालीं ध्वनीची कॉम्पॅक्ट डिस्क बाजारांत आली, तेव्हां भोंकाची जागा सूक्ष्म खळग्यानें व सुईची जागा लेझर किरणानें घेतली होती.

परंतु ही नोंद तबकडीच्या एखाद्या पातळ थरापुरतीच राही. सबंध जाडी वापरण्याचा मार्ग होलोग्राफीनें दाखविला. तिचें तत्त्व डेनिस गाबर यांनीं १९४७ सालीं शोधिलें. त्याबद्दल त्यांस १९७१ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. तळ्यांत दोन खडे टाकले असतां तरंग एकमेकांस छेदतात, त्याप्रमाणें लेझरचे दोन झोत प्रकाशग्राही पदार्थांत एकत्र येतात व त्यांच्या मिलाफाचा ठसा तेथें उमटतो. एका झोतावर माहितीचें सबंध पान असतें. दुसऱ्याचा कोन किंचित् बदलला कीं त्याच जागीं दुसरें पान लिहितां येतें. तोच कोन साधला तरच तें पान पुन्हां दिसतें. अशा संग्रहाची कल्पना व्हान हीर्डेन यांनीं १९६३ सालीं मांडली.

अमेरिकेंतील इनफेज कंपनीनें या तत्त्वावर ३०० गिगाबाइटची तबकडी तयार केली. साध्या डीव्हीडीच्या साठपटींहून अधिक मजकूर तींत मावे. यंत्रास नांव दिलें ‘टेपेस्ट्री’. टेपेस्ट्री म्हणजे पैठणीच्याच जातीची चित्रवीण! परंतु तबकडी व झोत यांची अचूक जुळणी कठीण होती, आणि तोंवर चुंबकीय साधनें पुढें निघून गेलीं. २०१० सालीं चुंबकीय फितीच्या एका काडतुसांत दीड टेराबाइट मावूं लागले; त्याच वर्षीं इनफेज बंद पडली. तबकडी पन्नास वर्षें टिकेल असें कंपनी सांगे. ती स्वतः दहा वर्षेंही टिकली नाहीं.

पुढें मायक्रोसॉफ्टनें २०१९ सालीं कांचेच्या चौकोनी तुकड्यांत एक सबंध चित्रपट साठवून दाखविला. दप्तरें, हस्तलिखितें व जुनीं ध्वनिमुद्रणें यांना अशा चिरस्थायी साधनांची गरज आहेच. तथापि पदार्थ टिकणें हें निम्मेंच काम होय. जुनी पैठणी हातीं आली तर जाणता कारागीर तिचे धागे मोजून तोच मोर पुन्हां विणूं शकतो. वाचक यंत्र नाहींसें झालेल्या तबकडीपुढें मात्र कोणाचेंच कांहीं चालत नाहीं. येवल्यांत वीण टिकली, कारण ती वाचणारा कोणी ना कोणी पिढ्यानुपिढ्या मागावर बसत आला. प्रकाशानें लिहिलेल्या ग्रंथांसही असाच वारस लागेल.