महादेवाची वाट : चालणारे आणि राखणारे

लोधीखेडा, सौसर, पांढुर्णा या आपल्या पट्ट्यातल्या जुन्या घरांत एक वाक्य अजूनही कानावर येते : ‘त्या साली आम्ही महादेवाला गेलो होतो.’ महादेवाला जाणे म्हणजे पचमढीच्या डोंगरात जाणे, हे आपल्याकडे कोणाला सांगावे लागत नाही. महाशिवरात्रीला खांद्यावर त्रिशूळ घेऊन चौरागडाला, नाहीतर श्रावणात नागपंचमीच्या सुमारास नागद्वारला. कोणाच्या आजोबांनी नवस फेडला, कोणाची आजी अनवाणी चढली, कोणाचे लग्न त्या वाटेवरच ठरले, अशा गोष्टी आपण सगळ्यांनी ऐकल्या आहेत.

मी जैन कुटुंबातला. आमच्या घरी हा नवस नव्हता. पण पस्तीस वर्षांहून अधिक काळ इथे होमिओपॅथीचा दवाखाना चालवतो आहे, त्यामुळे यात्रेचा शेवटचा टप्पा माझ्या बाकावर संपतो. मुरगळलेले घोटे, सोललेल्या टाचा, सुजलेले गुडघे, जुलाब आणि ताप. साबुदाण्याएवढ्या गोळ्या देता देता माझ्या मनात एक प्रश्न वाढत गेला. या वाटेवर कोण कोण चालले, हे आपल्याला पाठ आहे. पण ही वाट राखली कोणी? आजचे व्याख्यान एवढ्याच प्रश्नाचे आहे.

आधी वाट नजरेसमोर आणू. आज आपण छिंदवाडा, तामिया करत मोटारीने पचमढी गाठतो. जुनी मंडळी दक्षिणेकडून पायी जात. जुन्नारदेवजवळ विशाला येथे जे स्थान आहे, त्याला आजही ‘पहिली पायरी’ म्हणतात. वऱ्हाड-नागपूरकडून आलेल्या यात्रेकरूचा डोंगर तिथे सुरू होई. पुढे भुरा भगताचे ठाणे, आणि शेवटी चौरागडाचा उभा चढ. एका डोंगराला पहिली पायरी कित्येक कोस अलीकडे असावी, यात मोठे शहाणपण आहे. शरीराला चढाची सवय हळूहळू होते, वाटेत मुक्काम पडतात, आणि ज्याला झेपणार नाही तो पहिल्या दोन दिवसांतच परत फिरतो. आता मोटार थेट पायथ्याशी उतरवते आणि वर्षभर दुकानाच्या गादीवर बसलेला माणूस त्याच दुपारी चढायला लागतो. माझ्याकडे येणारे निम्मे गुडघे या एका बदलाचे आहेत.

डोंगरातली वाट नुसती पायांनी पडत नाही, तिच्यामागे योजना असते, हे आपल्या पूर्वजांना ठाऊक होते. जुन्नर आणि कोकण यांना जोडणारा नाणेघाट पाहा. सातवाहनांच्या काळात, दोन हजार वर्षांपूर्वी, तो व्यापाराचा रस्ता होता. तिथल्या लेण्यात नागनिका राणीचा शिलालेख आहे, आणि घाटाच्या तोंडाशी कातळात खोदलेली पाण्याची टाकी आहेत. चढावर दगडी फरसबंदी आहे. थकलेल्या माणसाला पाणी कुठे लागेल, तो कुठे टेकेल, जनावराचा पाय कुठे घसरेल, याचा विचार करूनच हे काम झाले आहे. घाट टिकला तो या विचारामुळे.

आता सातपुड्यात परत येऊ. पचमढी ‘शोधली’ म्हणून कॅप्टन जेम्स फोर्सिथ या इंग्रज अधिकाऱ्याचे नाव घेतले जाते. १८६२ च्या सुमारास तो या डोंगरात राहिला, तिथे त्याने बांधलेले घर ‘बायसन लॉज’ म्हणून ओळखले जाते, आणि मध्य भारताच्या डोंगराळ प्रदेशावरचे त्याचे इंग्रजी पुस्तक १८७१ साली निघाले. शोध लागण्याआधी गोंड आणि कोरकू तिथे राहतच होते आणि आपले यात्रेकरू जातच होते, हे वेगळे सांगायला नको. पण फोर्सिथच्या लिखाणातली एक गोष्ट डॉक्टर म्हणून मला महत्त्वाची वाटते. महादेवाच्या यात्रेतली गर्दी आणि पटकी, म्हणजे हैजा, यांचा संबंध त्याने नोंदवला आहे.

त्या काळात हे सगळीकडेच घडत होते. १८६७ साली हरिद्वारच्या कुंभातून परतणाऱ्या यात्रेकरूंबरोबर पटकी उत्तर हिंदुस्थानभर पसरली. ती पाण्यातून पसरते हे जॉन स्नो याने लंडनमध्ये १८५४ सालीच दाखवले होते, पण बहुतेकांना ते पटले नव्हते. रॉबर्ट कॉखने कलकत्त्यात तिचा जंतू निश्चित केला तो १८८४ साली. तोपर्यंत सरकारला अनेकदा सोपा उपाय दिसे : यात्रा बंद करा. दोष गर्दीचा कमी आणि वाटेच्या व्यवस्थेचा जास्त होता. पिण्याचा झरा आणि शौचाची जागा यांत अंतर नव्हते. म्हणून मी म्हणतो, वाटेची आखणी करताना पहिला प्रश्न पायऱ्यांचा नसावा. पाणी कुठून येणार आणि घाण कुठे जाणार, हा असावा.

दुसरा प्रश्नही पाण्याचाच आहे, पण पावसाच्या. डोंगरातली पाऊलवाट पायांनी जितकी झिजते त्याहून जास्त पाण्याने वाहून जाते. वाट सरळ उतारावर काढली की पहिल्याच पावसात ती ओहोळ बनते. माती जाते, दगड उघडे पडतात, लोक चिखल टाळून कडेने चालतात, आणि एका वाटेच्या तीन वाटा होतात. म्हणून जाणकार वाट डोंगराच्या अंगाने आडवी, वळणे घेत नेतात. चढ शक्यतो शंभर फुटांना दहा फुटांच्या आत ठेवतात. वाटेला दरीच्या बाजूला किंचित कल देतात, म्हणजे पाणी वाटेवरून न धावता आडवे निघून जाते. जिथे चढ टाळता येत नाही तिथे तिरपे दगड बसवून पाणी बाजूला काढतात. आपला शेतकरी बांधाला सांड ठेवतो, त्यातलेच हे ज्ञान.

वळण तोडून सरळ उतरणारा माणूस या साऱ्या कामावर पाणी फिरवतो. काही वर्षांपूर्वी आपल्याच भागातला एक संत्रा-बागाईतदार नागद्वारहून परतताना असाच सरळ उतरला. पाऊस आणि धुके होते. पाय मोडला. डोंगरातल्याच दोन तरुणांनी घोंगडीची झोळी करून त्याला खाली आणले. प्लास्टर उतरल्यावर तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, ‘डॉक्टरसाहेब, पुढे दहा लोक तिथूनच उतरत होते, म्हणून मीही उतरलो.’ त्याचे म्हणणे खरे होते. चुकीची वाटही पायांनीच पडते. तिथे कोणी वेळीच चार काटेरी फांद्या आडव्या टाकल्या असत्या, तर त्याचा हंगाम वाचला असता.

हे रोजचे, नाव न मिळणारे काम कोण करते, यावर वाटेचे आयुष्य ठरते. अमेरिकेत अपालाचियन पर्वतरांगेतून सुमारे साडेतीन हजार किलोमीटरची पायवाट आहे. बेंटन मॅके याने १९२१ साली ती सुचवली आणि १९३७ साली ती सलग झाली. पुढच्याच वर्षी मोठ्या वादळाने ती जागोजागी तुटली आणि पुन्हा सलग व्हायला १९५१ साल उजाडले. आज ती टिकून आहे कारण तिचे तुकडे वाटून घेतलेले आहेत. आसपासच्या गावांतले स्वयंसेवक आपापल्या वाट्याला आलेला टप्पा दरवर्षी साफ करतात, नाल्या उपसतात, पडलेली झाडे हटवतात.

आपल्याकडे माथेरान आहे. १८५० साली ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट तिथे चढला. आजही तिथे मोटारींना बंदी आहे आणि २००३ साली तो परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील जाहीर झाला. तरीही पाऊस, घोड्यांच्या टापा आणि माणसांचे पाय यांनी तांबडी माती वाहून जाते आणि झाडांची मुळे उघडी पडतात. मोटार थांबवणे पुरेसे नसते, हे माथेरान शिकवते.

मग काय पुरेसे असते? इथे मला आमच्या परंपरेतल्या दोन गोष्टी आठवतात. जैन साधू-साध्वी पावसाळ्याचे चार महिने विहार करत नाहीत, एका गावी राहतात. ओल्या जमिनीवर जीवसृष्टी वर आलेली असते, पावलागणिक हिंसा होते, हे त्याचे कारण. दुसरी गोष्ट ईर्यासमिती : दिवसाउजेडी, मळलेल्या वाटेने, पुढची चार हात जमीन पाहत चालावे. हे नियम मोक्षासाठी सांगितले आहेत. पण आजचे वाट राखणारेही हेच सांगतात : ओली वाट शक्यतो तुडवू नका, अंधारात चालू नका, मळलेली वाट सोडू नका.

नागद्वारची अडचण अशी की ती यात्रा नेमकी श्रावणात येते. ही वाट सातपुडा व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलातून जाते. १९८१ साली इथे राष्ट्रीय उद्यान झाले, आणि २००९ साली पचमढीच्या जैवावरणाला युनेस्कोच्या जागतिक जाळ्यात स्थान मिळाले. वर्षातून नागपंचमीच्या आसपास साधारण दहा दिवस वाट उघडते, लाखो लोक जातात, आणि मग ती बंद होते. अनेकांना हा निर्बंध जाचक वाटतो. माझे मत उलटे आहे. उरलेल्या साडेतीनशेहून अधिक दिवसांत गवत परत येते, माती बसते, वाघ-अस्वलांना त्यांचा डोंगर परत मिळतो. वाट बंद ठेवणे हीसुद्धा तिची डागडुजीच आहे. आपल्या नातवंडांना नागद्वार पाहायला मिळेल ते या बंद दारामुळे.

पण त्या दहा दिवसांचे ओझे आपले आहे. आपल्या गावांची सेवा मंडळे तिथे भंडारे लावतात, भुकेल्याला गरम जेवण देतात. हे पुण्य मोठे आहे. माझी विनंती इतकीच, की वर्गणीचा एक हिस्सा यापुढे वाटेसाठी वेगळा काढावा. मेळा भरवणाऱ्या समितीला आणि वनखात्याला विचारून एकेका मंडळाने एकेक टप्पा मागून घ्यावा. पावसाआधी तिथले पाणी काढायचे दगड नीट करावेत, यात्रेत चोरवाटांच्या तोंडाशी दोन माणसे उभी करावीत, आणि परतताना आपल्या पत्रावळी व प्लास्टिक पोत्यात भरून खाली आणावे. संडासाची जागा झऱ्यापासून लांब आणि उताराच्या खाली असावी, एवढे पाहावे. यात्रेला निघण्याआधी महिनाभर रोज तासभर चालावे. ती आपली पहिली पायरी.

वाचकहो, तुमच्या देव्हाऱ्यात महादेवाचा जुना त्रिशूळ असेल, तर तो कोणी नेला-आणला हे तुम्ही सांगू शकाल. आज रात्री घरातल्या वडीलधाऱ्यांना एक प्रश्न अधिक विचारा : त्या वाटेवर कोणी पाणी पाजले, कोणी हात दिला, पडलेला दगड कोणी परत बसवला? ती नावे लिहून ठेवा. गोंड-कोरकू वाटाड्यांची, डोली वाहणाऱ्यांची, पाणी भरणाऱ्या बायांची नावे अजून काही म्हाताऱ्यांच्या आठवणीत आहेत. आपल्या वाटेच्या इतिहासाचे तेवढे पान कोरे आहे, आणि ते भरायला फार वर्षे हातात नाहीत.